भिंगरीचं मॅन्युअल

तिचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी बसलंच नाही. लहानपणी ती जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरायची, म्हणून थोरल्या बहिणीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि चाळिशी उलटली, केस पिकले, तरी भिंगरीची भिंगरीच राहिली. फोनवर बोलताना ती घरभर चालते. बस उशिरा आली तर पुढच्या थांब्यापर्यंत पायी निघते, आणि बस तिला बरोबर दोन थांब्यांच्या मध्ये गाठून पुढे निघून जाते. अशा बाईने आयुष्यातली सगळ्यात मोठी धमाल एका खुर्चीत बसून केली, यावर तिच्या नवऱ्याचा अजूनही विश्वास बसलेला नाही.

दिवसा ती एका छापखान्यात पानं लावते. मिक्सर, इस्त्री, पंखा अशा वस्तूंच्या खोक्यात घडी घातलेला जो सूचनांचा कागद येतो, तो तिच्या हाताखालून जातो. त्यामुळे सूचना कशा लिहाव्यात याबद्दल तिची मतं भलतीच कडक आहेत. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ असं कुठे दिसलं की तिचं डोकं फिरतं. योग्य म्हणजे कोणती, आणि घ्यायची कशी, ते सांगा ना!

थोरलीचा विणकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली लांबट खोली, तीन विणकाम यंत्रं, भिंतीला टेकवलेली लोकरीची खोकी आणि वर रस्त्याच्या पातळीवर एक खिडकी, जिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. तिथे शाळेचे स्वेटर आणि टोप्या होतात. यंत्रांना कोणती सुई कधी उचलायची ते कॉम्प्युटर सांगतो, आणि कॉम्प्युटरला ते शहाणपण एका सॉफ्टवेअरमधून मिळतं. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही फुकट वापरावं, आत डोकावावं, सुधारावं. जगभरची काही हुशार आणि काही रिकामटेकडी माणसं ते फावल्या वेळात मिळून बनवतात. हुशार कोण आणि रिकामटेकडी कोण हे मात्र सांगता येत नाही, कारण बहुतेक वेळा ती एकच असतात.

भिंगरी त्या टोळीत शिरली ती मॅन्युअलमधल्या एका वाक्यामुळे. ‘सूत योग्य प्रमाणात ताणावे’ असं तिथे लिहिलं होतं. तिने ते बदलून ‘सूत बोटाने दाबल्यावर थोडं खाली गेलं पाहिजे’ असं केलं आणि पाठवून दिलं. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते कुठल्याशा दुसऱ्या देशात स्थायिक झालेले मराठी माणूस, निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी ते वाक्य स्वीकारलं. खाली एकच शब्द लिहिला, ‘उत्तम’. त्या दिवशी भिंगरीने घराला इतक्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन पाहून गेली.

हे झालं आधीचं. आता ज्यासाठी ही गोष्ट सांगतोय तिकडे येतो.

थोरलीचं खुब्याचं हाड झिजलं होतं. भिंतीला हात लावून लावून चालायची आणि विचारलं तर फरशी उंचसखल आहे म्हणायची. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की आता सांधा बदलायचा, आणखी थांबाल तर दुसरा पायही कामातून जाईल. तारीख ठरली. नेमका तेव्हाच कारखान्यातला जुना कॉम्प्युटर कायमचा झोपला. नवा आणला तर त्यावर सॉफ्टवेअरची फक्त नवी येऊ घातलेली आवृत्ती चालणार. आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी टोळीच्या ग्रुपवर लिहिलं की नव्या आवृत्तीबरोबर मॅन्युअल जाणार नाही.

कारण साधं होतं. मॅन्युअल फार वर्षांपूर्वी एका जुन्या फॉरमॅटमध्ये लिहिलेलं होतं. त्या फॉरमॅटमधून वाचता येतील अशी पानं तयार करणारा प्रोग्राम सांभाळणारी माणसं पांगली होती, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होत नव्हता. मजकूर होता, पण तो उघडणार कोण? कुलूप आहे, किल्ली आहे, पण किल्लीला दात नाहीत, असं मास्तरांनी लिहिलं. जुन्या छापील प्रती वापराव्यात तर नव्या आवृत्तीत निम्मी बटणं जागची हललेली.

आता मॅन्युअल नसलं तर थोरलीचं एवढं काय अडत होतं? थोरलीचं स्वतःचं काहीच अडत नव्हतं, तिला सगळं हातानेच यायचं. अडत होतं वहिनींचं. वहिनी म्हणजे थोरलीच्या शेजारच्या घरातल्या, मुलं मोठी झाल्यावर कामाला आलेल्या. थोरली इस्पितळात आणि मग घरी पडून असताना कारखाना त्याच चालवणार होत्या. पण थोरलीला काम येतं, शिकवता येत नाही. ‘अगं, दिसत नाही का?’ एवढीच तिची शिकवण्याची पद्धत. ते ऐकून वहिनींना जे दिसत असे तेही दिसेनासं व्हायचं. त्या जे काही शिकल्या ते मॅन्युअल वाचून, थोरली बाहेर गेली की.

‘मॅन्युअल नसेल तर मी ऑपरेशन करत नाही,’ थोरलीने जाहीर केलं. ‘हाड काय, आणखी वर्षभर टिकेल.’

भिंगरीने हे ऐकलं आणि विचार न करता मास्तरांना लिहून टाकलं, मी करते. विचार तिने पाठवल्यावर केला. मॅन्युअल म्हणजे काही दोन-चार पानं नव्हती, छापील प्रत उशाला घेता येईल एवढी जाड होती. मास्तरांचं उत्तर आलं की अमुक रविवारी संध्याकाळी ते नव्या आवृत्तीचं दार लावून घेणार, तोवर सगळं मॅन्युअल नव्या फॉरमॅटमध्ये आत आलं तर जाईल, अर्धंमुर्धं चालणार नाही.

पहिलं प्रकरण तिने हाताने बदललं. जुन्या खुणा पुसायच्या, नव्या घालायच्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि तिच्या लक्षात आलं की या चालीने थोरलीची हाडंच काय, आपलीही झिजतील. मग तिने स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली हुकमांची चिठ्ठी, जिथे असं दिसेल तिथे तसं कर. तिला थोडंफार येत होतं, उरलेलं ती चुकत चुकत शिकली. आणि काय चुका! पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तर आख्खं प्रकरण एकच शीर्षक झालं, प्रत्येक अक्षर हाताच्या पंजाएवढं. दुसऱ्यांदा सगळे तक्ते एक घर सरकले आणि टोपीच्या मापात बाहीची मापं जाऊन बसली. एकदा तर सगळी चित्रं गायब, आणि चित्राखालच्या ओळी तेवढ्या शिल्लक. ‘वरील चित्रात दाखवल्याप्रमाणे’ म्हणून वर पांढरा कागद.

भिंगरीला याचा वैताग यायला हवा होता. तिला चढली नशा. एक नियम लिहायचा, बटण दाबायचं, आणि एका फटक्यात शेकडो पानं कूस बदलणार! एवढं बळ तिच्या हाती आजवर कधी आलं नव्हतं. छापखान्यात पान लावता लावता तिला नियम सुचायचे आणि ती ते तिथल्याच रद्दी कागदावर खरडायची. जेवायचं टेबल लॅपटॉपने आणि वायरींनी व्यापलं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वभावाने शांत, तो ओट्याशी उभा राहून जेवू लागला. एकदा त्याने हळूच विचारलं की हे टेबल परत मिळणार आहे का. मिळेल की, ती म्हणाली, सगळे तक्ते सरळ झाले की. त्याला वाटलं, ही आता टेबलालाही तक्ता म्हणायला लागली.

दार लागायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिने स्क्रिप्ट चालवली आणि नव्या फॉरमॅटची पानं तयार करणाऱ्या प्रोग्रामने शेवटी लिहिलं, चुका शून्य. तिने पुन्हा चालवली. शून्य. चित्रं जागच्या जागी, तक्ते सरळ, शीर्षकं माणसात आलेली. तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने ग्रुपवर लिहून टाकलं की मॅन्युअल तयार आहे, सगळं, एकही चूक नाही. कुठून कुठून अभिनंदन यायला लागलं. ज्यांनी सहा वर्षांत तिला नमस्कारही केला नव्हता तेही लिहीत होते. फक्त मास्तर काही बोलले नव्हते.

दुपारी ती लॅपटॉप काखोटीला मारून कारखान्यात पोहोचली. तिचा बेत असा होता की वहिनींनी मॅन्युअल वाचून यंत्र चालवायचं, आणि थोरलीने स्टुलावर बसून बघायचं, तोंड उघडायचं नाही. थोरलीकडून तिने तसं वचन घेतलं. थोरलीने ते असं दिलं जसं कुणी दात काढून देतं.

वहिनींनी अडकलेलं सूत सोडवायचं पान काढलं. एकेक पायरी वाचत, ओठ हलवत, त्यांनी काम सुरू केलं. पाच पायऱ्या झाल्या, मग एक मोठं चित्र होतं, मग पुढच्या पायऱ्या. शेवटी लिहिलं होतं, सूत अजूनही अडकलेलं असेल तर पायरी तीनपासून पुन्हा करा. सूत अडकलेलं होतंच. वहिनींनी पानावर वर पाहिलं, चित्राच्या खाली पायरी तीन होती, गाडी जोराने उजवीकडे ओढा. सुयांवरून धावते ती यंत्राची गाडी. वहिनींनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

थोरली स्टुलावरून अर्धी उठली. तिचा चेहरा लाल झाला, पण तिने तोंड गच्च मिटून ठेवलं. वचन म्हणजे वचन. गाडी सुटली, कराकरा आवाज झाला आणि सुयांची आख्खी रांग भाताच्या लोंब्यांसारखी वाकली.

वहिनी रडायच्या बेतात होत्या. भिंगरी पानावर वाकली. पानावर दोन पायरी तीन होत्या! नव्या फॉरमॅटमध्ये मध्ये चित्र आलं की त्याच्या खालच्या पायऱ्या पुन्हा एकपासून मोजल्या जात होत्या. खरी पायरी तीन चित्राच्या वर होती, आधी सूत सैल करा. वहिनींना जवळची सापडली. आणि चित्रं तर जवळजवळ प्रत्येक पानावर होती.

‘तिचं काही चुकलेलं नाही,’ थोरली म्हणाली. ‘तिने लिहिलंय तसंच केलं.’

वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू भिंतच बोलली. पण थोरलीने लगेच पुढचं वाक्य टाकलं, ‘मी डॉक्टरांना सांगते, तारीख पुढे ढकला.’ आणि वाकलेल्या सुया उपसायला बसली.

भिंगरीला सगळ्यात जड गेलं ते ग्रुपवर लिहिणं. अभिनंदनं अजून येत होती. तिने एक चलाख वाक्य जुळवलं, मग खोडलं, आणि सरळ लिहिलं की मॅन्युअल तयार नाही, मी घाई केली, पायऱ्यांचे आकडे चुकलेत आणि त्यामुळे एक यंत्र बिघडलं. आता मास्तरांचं उत्तर लगेच आलं. ‘चुका शून्य म्हणजे प्रोग्रामला पानं बांधता आली, एवढंच. पानं खरी आहेत असं तो कधीच म्हणत नाही. दार उद्या संध्याकाळी लागतं, आज नाही.’

हे शेवटचं वाक्य तिने इतक्यांदा वाचलं की ते तिला पाठ झालं. दार आज लागत नाही!

ती परत जुन्या मजकुराकडे गेली. नव्या पानांकडे नाही, मुळाकडे. आणि तिथे पाहते तर काय, ‘पायरी तीन’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याने कुणी हे मॅन्युअल पहिल्यांदा लिहिलं, त्या शहाण्या माणसाने प्रत्येक पायरीला नाव दिलं होतं. सूत-सैल. गाडी-उजवीकडे. आणि शेवटी लिहिलं होतं, सूत-सैल पासून पुन्हा करा. आकडा घालायचं काम जुना प्रोग्राम पानं तयार करताना करायचा. भिंगरीच्या स्क्रिप्टने अतिशहाणपणा करून ती सगळी नावं पुसली होती आणि तिथे एकदाच मोजलेले आकडे चिकटवले होते. नावं अजून होती. काहीही हरवलं नव्हतं! तिने एवढ्या मोठ्याने ‘आहेत’ म्हटलं की आतून नवरा हातात चमचा घेऊन धावत आला.

रविवारी सकाळी कारखाना उघडला. लोकरीच्या खोक्यावर लॅपटॉप, पलीकडच्या धडक्या यंत्रावर वहिनी, स्टुलावर थोरली. भिंगरीने स्क्रिप्टमधले दोनच नियम बदलले. चित्र आलं की ते आधीच्या पायरीच्या पोटात बसवायचं, म्हणजे मोजणी तुटणार नाही. आणि नावं पुसायची नाहीत, नावावरून त्या पायरीवर थेट उडी मारता आली पाहिजे. बटण दाबलं. चुका शून्य. या वेळी कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग एकेक काम. वहिनी वाचायच्या आणि टाकाऊ सुतावर करून बघायच्या. पहिला तास थोरली गप्प होती. मग तिच्या तोंडून निसटलं की हे चित्र इथलं नाही, टोपीच्या पानावरचं आहे, आणि ते खरंच तिथलं होतं. भिंगरीने हलवलं. थोरली म्हणाली, इथे सुई वाकते, हे आधी सांगायला हवं. भिंगरीने लिहिलं. वहिनी म्हणाल्या, ‘डावीकडे’ म्हणजे माझ्या डावीकडे की यंत्राच्या, आणि त्या प्रश्नावर दोघी बहिणी पहिल्यांदाच थांबून विचारात पडल्या. थोरलीला वीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. तिने तो स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिला, आणि मग वहिनींना म्हणाली की बरोबर विचारलंस, असंच विचारत जा.

दुपारी नवरा डबा घेऊन आला तो अडकलाच. चष्म्याच्या दुकानात बारीक आकडे वाचायची सवय, म्हणून त्याला तक्ते दिले. जुनं-नवं शेजारी ठेवून तो एकेक आकडा बोटाने टिपत गेला आणि त्याला चार चुका सापडल्या. चौथी सापडल्यावर त्याने बाही सावरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण आता त्यालाही चव लागली होती. वरच्या खिडकीतून उन्हातले बूट जात होते, मग सावलीतले. पानं कमी होत होती. भिंगरीला भूक, तहान, कंबर काही जाणवत नव्हतं. आपण चौघं मिळून एक पुस्तक नव्या घरी नेतोय आणि वाटेत एक अक्षरही सांडू देत नाही, या आनंदात ती पुढचं पान उघडत होती.

शेवटचं पान वहिनींनी केलं. गाडी सुरळीत या टोकापासून त्या टोकाला गेली. भिंगरीने सगळं पाठवलं, आणि खाली लिहिलं की या वेळी चुका शून्य असं म्हणत नाही, पण प्रत्येक पायरी एका माणसाने करून पाहिली आहे. मग त्या चौघांनी पडद्याकडे बघत बसायचं ठरवलं. तीन जण बसले.

दार लागायच्या जरा आधी मास्तरांचं उत्तर आलं. ‘मीही माझ्या यंत्रावर पाच पानं करून पाहिली. आत घेतलं.’

भिंगरीने आनंदाने तिन्ही यंत्रांना प्रदक्षिणा घातली, वायरीत पाय अडकून खोक्यावर पडली, आणि लोकरीची गुंडाळी खोलीभर सुटली. थोरली म्हणाली, ‘ऊठ आता. आणि डॉक्टरांना फोन लाव, ठरलेल्या तारखेला येतेय म्हणावं.’

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी थोरलीच्या उशाशी होती. थोरली पांढरीफटक पडली होती, पण दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होती. नर्सने दोनदा विचारलं, दुखतंय का, आणि दोन्ही वेळा थोरलीने मान हलवली, नाही. फोन वाजला. कारखान्यातून वहिनी. थोरलीने तो भिंगरीच्या हातातून ओढूनच घेतला.

‘काय झालं? गाडी अडकली ना?’

वहिनींचा आवाज भिंगरीलाही ऐकू येत होता. सकाळी अडकली होती, त्या म्हणाल्या, पान काढून सोडवली, आता तिन्ही यंत्रं चालू आहेत, नव्या सुया बसवलेलं तेसुद्धा. भिंगरीला पलंगावर उडी मारावीशी वाटली. तिच्या पानांनी काम केलं होतं, तिच्याशिवाय, थोरलीशिवाय! तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

‘मग फोन कशाला केलास?’ थोरलीने विचारलं.

‘तुम्हाला दुखतंय का, ते विचारायला,’ वहिनी म्हणाल्या.

थोरलीने फोन कानाशी धरून ठेवला. एवढ्या वर्षांत कारखान्यातून आलेला प्रत्येक फोन काहीतरी अडल्याचा होता.

‘हो गं,’ ती म्हणाली. ‘फार दुखतंय.’

आणि मग ती वहिनींना सांगत राहिली, कुठे दुखतं, कसं ठणकतं, कुशीवर वळता येत नाही ते. भिंगरी डोळे पुसत नर्सला बोलवायला गेली.